जीन चांगला आहे म्हणे, पण नीट सुरूच होत नाही. म्हणजे नक्की काय?

पिवळा_पतंग
मंडळी, जरा बैजवार लिहितो, कारण गेले आठ-नऊ महिने हा घोळ चालू आहे. मागच्या नवरात्रात नऊ दिवस कडक उपवास केला, लिंबूपाणी आणि रात्री कपभर दूध, बास. पाचव्या दिवशी ऑफिसात शेजारचा म्हणाला, अरे तुझे डोळे पिवळे दिसतायत. घरी एकच हलकल्लोळ. आईने गावाकडून कावीळ उतरवणाऱ्याला बोलावलं, त्याने चुन्याच्या पाण्यात माझे हात धुतले, पाणी पिवळंधमक. वर पंधरा दिवस उसाचा रस. मग रक्त तपासलं तर बिलिरुबिन (डोळे पिवळे करणारं रंगद्रव्य) ३.१, बहुतेक सगळं इनडायरेक्ट, म्हणजे यकृताने अजून हात न लावलेलं, एसजीपीटी वगैरे यकृताच्या बाकी तपासण्या एकदम नॉर्मल. विमावाल्यांनी तेवढ्यावरून फाइल अडकवली ती अडकवलीच. शेवटी एका डॉक्टरबाईंनी जेनेटिक टेस्ट करायला लावली. रिपोर्ट असा: यूजीटी१ए१ जीन, टीए७/टीए७. म्हणजे गिल्बर्ट सिंड्रोम. बाई म्हणाल्या, काही नाही, आजार म्हणायच्याही लायकीचा नाही, विसरून जा.

ते ठीक. माझा प्रश्न वेगळाच आहे. त्या म्हणाल्या की बिलिरुबिनचा निचरा करणारं एन्झाइम बनवायची कृती माझ्या जीनमध्ये शब्द न शब्द बरोबर आहे. फक्त जीनच्या अलीकडे, जिथून वाचायला सुरुवात होते तिथे, टी-ए ही जोडी सहा वेळा असते ती माझ्याकडे सात वेळा आहे. दोनच अक्षरं जास्त! आणि तेवढ्यावरून एन्झाइमचं काम ३० टक्क्यांवर? मला वाटायचं जीन एकतर ऑन नाहीतर ऑफ. हे ३० टक्के ऑन म्हणजे काय? सुरुवात होते म्हणजे तिथे नक्की कोण येतं, काय करतं? कुणी सोप्यात सांगेल का? बारावीला बायो सोडून गणित घेतलं होतं, त्या बेताने सांगा.

खटपट्या
नऊ दिवस लिंबूपाणी?? साबुदाणा कुणी शोधला मग, आणि कशासाठी?

तुरटी
सोप्यात सांगायचं तर डीएनए म्हणजे लांबच लांब बाजारपेठ, जीन म्हणजे दुकान, आणि तुम्ही म्हणताय तो भाग म्हणजे दुकानाची पाटी. त्याला प्रोमोटर म्हणतात. माल चांगला आहे, पण पाटी वाकडी लागलीय, त्यामुळे गिऱ्हाईक कमी.

पिवळा_पतंग
@तुरटी, हे समजलं, पण गिऱ्हाईक कोण? आणि पाटी वाचतो कसा, त्याला डोळे थोडेच आहेत.

पेट्रीडिश
पाच वर्षं यीस्टच्या पेशींमध्ये हेच बघण्यात घालवली, तेव्हा राहवत नाही. लांब होईल, चहा घेऊन बसा.

प्रोटीन बनवायचं तर आधी जीनची आरएनए नावाची नक्कल काढावी लागते, ती काढणाऱ्या यंत्राचं नाव आरएनए पॉलिमरेज. आपल्यात त्याचे तीन प्रकार आहेत, रॉबर्ट रोडर आणि विल्यम रटर यांनी १९६९ मध्ये ते वेगळे करून दाखवले. प्रोटीन बनवणाऱ्या जीनांचं काम दुसऱ्याकडे, म्हणून पोल-टू. बारा तुकड्यांचं धूड आहे. पण गंमत अशी की हे धूड एकटं सोडलं तर त्याला सुरुवात कुठून करायची हे कळतच नाही. शुद्ध केलेलं पोल-टू आणि डीएनए परीक्षानळीत एकत्र टाका, कुठूनही काहीतरी खरडत बसेल. म्हणजे वाचायला येतं, पान सापडत नाही.

पान शोधून देणारे वेगळे. त्यातला आपल्या कामाचा टीबीपी, टाटा बॉक्सला चिकटणारं प्रोटीन. टी, ए, टी, ए अशी अक्षरं असलेला छोटा पट्टा, सुरुवातीच्या जागेच्या साधारण २५ ते ३० अक्षरं अलीकडे. टीबीपीचा आकार घोड्याच्या खोगिरासारखा आहे, हे १९९२ च्या सुमाराला दिसलं. ते खोगीर डीएनएवर बसतं आणि नुसतं बसत नाही, डीएनए जवळजवळ ८० अंशात वाकवतं. सरळ उभ्या उसाला मधेच काटकोनात मोडल्यासारखं. @पिवळा_पतंग, डोळे नाहीत हे बरोबर. तो वाचत नाही, चाचपतो. टी-ए चा पट्टा इतर जागांपेक्षा सहज वाकतो आणि त्याची खाच खोगिराच्या पोटाशी जुळते. जिथे जुळलं तिथे बसलं.

ही वाकलेली जागा दिसली की बाकीचे येतात. टीएफ-टू-बी, टीएफ-टू-एफ आणि त्याच्यासोबत पोल-टू, मग ई आणि एच. ए सुद्धा असतो मधे लुडबुड करायला. टीबीपी स्वतः टीएफ-टू-डी नावाच्या मोठ्या टोळक्याचा एक मेंबर. नावं रटाळ आहेत, मान्य. शेवटी टीएफ-टू-एच आपल्यातल्या एका मोटरने डीएनएचा पीळ उलगडतो, डझनभर अक्षरं उघडी पडतात आणि मग पहिलं अक्षर जोडलं जातं. नक्कल काढणाऱ्या पोल-टू चे अणू-अणू दिसतील असे फोटो काढल्याबद्दल रॉजर कॉर्नबर्गला २००६ चं केमिस्ट्रीचं नोबेल मिळालं, एकट्याला. त्याचे वडील आर्थर कॉर्नबर्ग, त्यांना १९५९ मध्ये वैद्यकशास्त्राचं मिळालं होतं. घरात शोकेसला जागा नसणार.

खटपट्या
टाटा बॉक्स!! मीठ, चहा, ट्रक, आणि आता जीन पण? काही सोडलं नाही राव ह्या लोकांनी.

तुरटी
@खटपट्या हा जोक येणार हे धागा उघडतानाच माहीत होतं. फक्त कोण मारतो एवढंच बघत होते.

एसटीप्रेमी
पेट्रीडिशचं वाचून मला तर आमचा स्टँड आठवला. नुसती गाडी फलाटाला लागली म्हणून सुटत नाही. आधी फलाट ठरतो, मग गाडी लागते, ड्रायव्हर येतो, कंडक्टर येतो, आणि कंडक्टरने डबल बेल मारल्याशिवाय गाडी हलत नाही. तसंच की हे.

पेट्रीडिश
@एसटीप्रेमी डबल बेल भारी आहे! कारण खरंच तशी बेल आहे. पोल-टू ला एक लांब शेपटी असते, त्यात सात अमिनो आम्लांचं तेच ते पालुपद माणसात ५२ वेळा येतं, यीस्टमध्ये २६ वेळा. गाडी फलाटाला असेपर्यंत ही शेपटी कोरी असते. मग टीएफ-टू-एच त्या पालुपदातल्या पाचव्या जागेवर फॉस्फेट चिकटवतो, ठिकठिकाणी. ही बेल. त्याने पोल-टू ची फलाटावरच्या मंडळींशी असलेली मिठी सुटते आणि गाडी निघते.

आणि पुढचं ऐका. निघते आणि वीस ते साठ अक्षरांवर पुन्हा थांबते! आपल्या कितीतरी जीनांवर पोल-टू असं सुरू होऊन पुढे थांबून राहिलेलं असतं.

एसटीप्रेमी
हां, मग ती गेटवरची एंट्री! गाडी फलाटावरून सुटते, गेटला थांबते, कंडक्टर कागद घेऊन कंट्रोलरच्या खिडकीशी पळतो. सगळ्यांना वाटतं निघालो, आणि दहा मिनिटं तिथेच.

पेट्रीडिश
हाहा, हुबेहूब. तिथून सोडवणाऱ्या एन्झाइमचं नाव पी-टीईएफबी. एचआयव्हीचा विषाणू इतका लबाड की त्याचं टॅट नावाचं प्रोटीन ह्याच एन्झाइमला पकडून आपल्या गाडीपाशी आणतं, म्हणजे विषाणूचे जीन गेटवर अडकत नाहीत.

फक्त एका ठिकाणी तुमची उपमा लंगडी पडते. स्टँडवर रोज तीच गाडी, तोच क्रम. पेशीत हे सगळे तुकडे सतत इकडून तिकडे भिरभिरत असतात, येतात, बसतात, सेकंदांत उठून जातात. बहुतेक वेळा जमाव पुरा होतच नाही. आणि पुरा झाला तरी पॉलिमरेज बऱ्याचदा आठ-दहा अक्षरांचा तुकडा बनवून फेकून देतं आणि पुन्हा पहिल्यापासून. किक मारत राहायची जुनी स्कूटर असते ना, फुर्र फुर्र, मग कधीतरी लागते. म्हणून ऑन-ऑफ हा शब्दच मला पटत नाही. बटण नाहीच आहे तिथे. दर तासाला किती वेळा किक लागते, एवढंच आहे.

भुरभुर
सगळं छान, पण मूळ प्रश्न कुणी विचारत नाहीये. टीबीपी जीन सुरू करतं. टीबीपी बनतं कशातून? टीबीपीच्या जीनमधून. तो जीन कोण सुरू करतं? टीबीपी. कोंबडी आणि अंडं. तुम्ही लोक यंत्राचे सुटे भाग मोजताय आणि पहिली किक कुणी मारली ते सांगत नाही.

रेवा_०७
@भुरभुर तुमच्याच उपमेत उत्तर आहे, अंडं! स्त्रीबीजात आईने सगळं आधीच भरून ठेवलेलं असतं, प्रोटीन, आरएनए, सगळं. गर्भ सुरुवातीचे दोन-तीन दिवस आईच्याच डब्यावर जगतो. माणसात साधारण आठ पेशी झाल्या की त्याचे स्वतःचे जीन जोरात सुरू होतात. म्हणजे तुमची पहिली किक आईने मारली, तिची तिच्या आईने.

भुरभुर
आणि सगळ्यात पहिल्या आईची?

रेवा_०७
तो धागा वेगळा काढा. त्यात मी येणार नाही.

गवती_चहा
मी टीबी प्रोग्रॅममध्ये आहे, तालुक्याला. वरचं सगळं वाचताना एकदम जाणवलं की आम्ही रोज जी गोळी देतो ती नेमकी ह्याच कामावर बसते. रिफाम्पिसिन. पेशंट पहिल्या आठवड्यात घाबरून येतात, सिस्टर लघवी लाल झाली, रक्त पडतंय. मागच्या महिन्यात एका आजींनी तर गोळ्या खिडकीतून टाकल्या होत्या, सुनेने कोंबड्यांच्या खुराड्याशी सापडलेल्या आणून दाखवल्या. आम्ही समजावतो, औषधाचा रंग आहे, नारिंगी, घाम आणि डोळ्यांतलं पाणी पण तसंच होतं.

तर रिफाम्पिसिन जंतूच्या आरएनए पॉलिमरेजला अशा जागी चिकटतं की सुरुवात होते, दोन-तीन अक्षरं जोडली जातात आणि पुढे वाटच बंद. माणसाचं पॉलिमरेज वेगळ्या घडणीचं म्हणून आपल्याला त्याचा त्रास नाही. आणि थुंकीची जी सीबीनॅट मशीनवर तपासणी होते ती काय बघते? तर त्या पॉलिमरेजच्या जीनमधला, आरपीओबी म्हणतात, ८१ अक्षरांचा एक तुकडा. रिफाम्पिसिनला दाद न देणारे बहुतेक जंतू त्याच तुकड्यात बदललेले असतात. दोनेक तासांत रिपोर्ट. पूर्वी जंतू वाढवून बघायचं तर आठवडेच्या आठवडे जायचे, तोवर पेशंट चुकीचं औषध खात बसायचा.

पिवळा_पतंग
@गवती_चहा हे अफाट आहे. म्हणजे जंतूंमध्येही टाटा बॉक्स, टीबीपी, ही सगळी वरात असते?

पेट्रीडिश
नाही, जंतूंचं सुटसुटीत आहे. पॉलिमरेजला एकच मदतनीस लागतो, सिग्मा फॅक्टर. हाही १९६९ चाच शोध. सिग्मा जागा ओळखतो, डीएनए उघडतो, गाडी सुटली की बहुतेक वेळा उतरतो आणि दुसऱ्या गाडीवर चढतो. खास ड्रायव्हर बदलूनही चालतात, ई. कोलायला उष्णता लागली की सिग्मा-३२ पुढे येतो आणि उष्णतेशी सामना करणारे जीन धडाधड सुरू होतात. आपल्याकडे मात्र डीएनए दोन मीटर लांब आणि तो प्रोटीनच्या रिळांवर गुंडाळलेला, एका रिळावर १४७ अक्षरं. आधी रीळ सरकवायचं, मग खोगीर. म्हणून एवढी सरकारी फौज.

रेवा_०७
उष्णतेवरून आठवलं. इटलीत फेरुच्चो रितोसा फळमाश्यांच्या अळ्यांवर काम करायचे. त्यांच्या लाळग्रंथीतले क्रोमोसोम इतके जाड असतात की साध्या मायक्रोस्कोपखाली दिसतात, आणि जिथे जीन जोरात चाललाय तिथे फुगवटा येतो, पुरी फुगल्यासारखा. एक दिवस बघतात तर भलत्याच जागी फुगवटे! शोध घेतला तर कुणीतरी इन्क्युबेटरचं तापमान वाढवून ठेवलेलं. दुसरा कोणी असता तर शिव्या घालून सॅम्पल फेकून दिलं असतं. ह्यांनी मुद्दाम पुन्हा गरम करून पाहिलं, काही मिनिटांत पुन्हा तेच फुगवटे. म्हणजे जीन सुरू होताना प्रत्यक्ष डोळ्यांनी दिसला. १९६२ मध्ये छापलं, त्याआधी एका नावाजलेल्या जर्नलने महत्त्वाचं नाही म्हणून परत पाठवलं होतं.

आणि एसटीप्रेमींची गेटवरची एंट्री पुढे ह्याच उष्णतेच्या जीनांवर सापडली. गाडी गेटला उभीच असते, म्हणून मिनिटांत सुटते!

निवांत
फार टेक्निकल करताय लोकहो. मी एक व्हिडिओ पाहिला, त्यात स्पष्ट सांगितलंय की सकारात्मक विचारांनी जीन ऑन करता येतात. रोज सकाळी पेशींशी बोलायचं. पिवळा_पतंग यांनी यकृताशी बोलून पाहावं.

खटपट्या
यकृता, बाळा, ऐकतोयस ना? टाटा म्हण टाटा.

पेट्रीडिश
@निवांत व्हिडिओ राहू द्या. मात्र त्यात अर्धा आणा खरा आहे, तो सांगतो. टेन्शन आलं की कॉर्टिसॉल वाढतं. ते पेशीत शिरतं, तिथल्या रिसेप्टरला चिकटतं आणि ती जोडी थेट डीएनएवर जाऊन ठरावीक जागी बसते, काही जीनांची किक वाढवते, काहींची कमी करते. स्टेरॉइडची गोळी किंवा इंजेक्शनही मुख्यतः असंच काम करतं, म्हणून दम्याच्या झटक्यात स्टेरॉइड दिलं तरी पुरता गुण यायला काही तास जातात. नक्कल निघायची, प्रोटीन बनायचं, वेळ लागणारच. तेव्हा मनाचा जीनांशी संबंध आहे, पण हार्मोनच्या रस्त्याने. यूजीटी१ए१ ला मराठी कळत नाही.

निवांत
टिंगल करणं सोपं असतं. असो.

गवती_चहा
@निवांत रागावू नका हो. आमचे पेशंट खूश असले की गोळ्या वेळेवर घेतात, तेवढ्यापुरतं मी तुमच्या बाजूने.

तुरटी
अवांतर: पावसाळा आलाय, रानातल्या अळंब्या ओळख पटल्याशिवाय खाऊ नका. इथे सांगायचं कारण, काही विषारी अळंब्यांतलं अमानिटिन हे विष बरोबर ह्या पोल-टू च्या पोटात जाऊन अडकतं. यंत्र जवळजवळ ठप्प. बनलेला माल संपेपर्यंत पेशी चालते, म्हणून सुरुवातीचे कित्येक तास माणसाला काहीच होत नाही, उलट्या-जुलाब उशिरा सुरू होतात. मधे एकदा बरं वाटतं आणि मग यकृत जातं. बरं वाटलं म्हणून घरी बसून राहायचं नाही, हॉस्पिटल गाठायचं.

पिवळा_पतंग
धन्यवाद सगळ्यांना, पण माझी दोन अक्षरं राहिली की! ३० टक्के कुठून आले?

पेट्रीडिश
येतो येतो. तुमचा टी-ए चा पट्टा सहाऐवजी सात जोड्यांचा. टीबीपीचं खोगीर त्यावर बसतं, पण घट्ट बसत नाही, हे परीक्षानळीत मोजलेलं आहे. घट्ट नाही म्हणजे लवकर उठून जातं, बाकीची मंडळी यायच्या आत. किक लागायचं प्रमाण घटलं. लागली की मात्र पुढची नक्कल अगदी बरोबर, एन्झाइमही अव्वल, फक्त संख्या कमी. तुमच्या यकृतात निकृष्ट माल एकही नाही, माल कमी पडतोय एवढंच. दोन्ही प्रती टीए७ म्हणून काम ३० टक्क्यांच्या आसपास. एक प्रत साधी असती तर तुम्हाला हे बहुधा कळलंही नसतं.

अजून एक मेख आहे. जीनच्या तीन-साडेतीन हजार अक्षरं अलीकडे एक दुसरा पट्टा आहे, लांबून जोर लावणारा, एन्हान्सर. डीएनएची घडी पडून तो इथे येऊन टेकतो, मधे मीडिएटर नावाचा मोठा दलाल असतो. टीए७ वाल्या बऱ्याच लोकांत त्या पट्ट्यातही एक अक्षर बदललेलं सापडतं, दोन्ही बदल जोडीने वारशात येतात. तेव्हा सगळा दोष दोन अक्षरांच्या माथी मारू नका. उलट फिनोबार्बिटल हे फिटचं जुनं औषध ह्याच एन्हान्सरमार्फत जोर लावतं आणि गिल्बर्टवाल्यांचं बिलिरुबिन खाली आणतं. खोगीर तेच ढिलं, पण मागून ढकलणारे वाढले. अर्थात त्यासाठी कुणी ते घेऊ नका, गरजच नाही.

भुरभुर
पण मग टाटा बॉक्स एवढा महत्त्वाचा तर सगळ्याच जीनांना हाच ताप व्हायला हवा.

पेट्रीडिश
@भुरभुर हा मात्र नेमका प्रश्न. माणसाच्या बहुसंख्य जीनांना टाटा बॉक्स नसतोच! तिथे टीएफ-टू-डी दुसऱ्या खुणांवरून जागा धरतो, आणि सुरुवातही एका नेमक्या अक्षरावरून होण्याऐवजी आसपास कुठूनही होते. पुस्तकात टाटा आधी शिकवतात कारण तो आधी सापडला आणि समजायला सोपा. आमच्या लॅबमध्येही सुरुवातीचे सगळे प्रयोग टाटावाल्या प्रोमोटरवरच, बिनटाटाचे कुणी हातात घ्यायला तयार नसायचं. नीट एक रेघ येतच नाही जेलवर, सगळा गिचका.

गवती_चहा
@पिवळा_पतंग एक कामाचं: रिपोर्ट जपून ठेवा. इरिनोटेकन नावाचं कॅन्सरचं औषध शरीराबाहेर टाकायचं काम तुमच्या ह्याच एन्झाइमकडे असतं, टीए७/टीए७ असेल तर डोस जपून लागतो. गरज पडू नये, पण फाइलमध्ये असू द्या. विमावाल्यांनाही डॉक्टरबाईंकडून दोन ओळींचं पत्र द्या, बऱ्याचदा तेवढ्यावर सुटतं.

पिवळा_पतंग
पत्र मागून घेतो उद्याच. आईला मघाशी खोगिराची गोष्ट सांगितली. ती म्हणाली, म्हणजे तुझ्या वडिलांकडून आलं. मी म्हटलं दोन्ही प्रती आहेत, एक तुझ्याकडून. तेव्हापासून बोलत नाहीये.

शेवटचा प्रश्न. परवा आषाढी. उपवास करायचा आहे. डोळे पुन्हा पिवळे होतील का?

पेट्रीडिश
गिल्बर्टमध्ये बिलिरुबिन वाढतं ते पोटात कॅलरी गेल्या नाहीत की. खिचडी, रताळ्याचा कीस, वरीचे तांदूळ, दाण्याची आमटी खाऊन उपवास करणार असाल तर एरवीपेक्षा जास्तच कॅलरी जातील. खुशाल करा.

खटपट्या
मी पहिल्याच प्रतिसादात सांगितलं होतं.